थॉमसन की थॉम्पसन? एका आडनावाचा अर्थ, उगम आणि त्यातला ‘प’

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या पणजीचे माहेरचे आडनाव थॉमसन होते. तिचे वडील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या नोकरीसाठी ब्रिटनहून मुंबईला आले आणि इकडेच वारले. पणजीच्या लग्नाच्या नोंदीची जी प्रत आपल्याला मिळाली, तिच्यात हे आडनाव ‘प’ घालून, म्हणजे थॉम्पसन असे लिहिलेले आहे. तिच्या आईवडिलांच्या थडग्यावरील शिळेवर मात्र ‘प’ नाही. ‘प’ नसलेले ते स्कॉटिश आणि ‘प’ असलेले ते इंग्लिश, असे आपल्या वाचनात आले, आणि एका विक्रेत्याने तर घराण्याचे कुलचिन्ह व कुळाचे प्रमाणपत्र पैसे घेऊन पाठवण्याची तयारी दाखवली. तेव्हा या आडनावाचा अर्थ काय, घराणे मूळचे कुठले आणि ज्याच्यावरून हे नाव पडले तो थॉमस कोण, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

जुन्या नोंदवह्यांवरून वंशावळी जुळवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या आडनावांच्या निमित्ताने सतत समोर येतो. अर्थाचे उत्तर सोपे आणि निश्चित आहे: थॉमसन म्हणजे थॉमसचा मुलगा. घराणे कुठले, याचे उत्तर मात्र आडनावात नाही, ते कागदपत्रांत आहे. ‘प’ हा त्या शोधातला एक धागा आहे, पुरावा नव्हे. आणि ‘तो थॉमस कोण’ या प्रश्नाला एकच एक उत्तर असू शकत नाही, कारण असे थॉमस शेकडो होऊन गेले.

प्रथम नावाविषयी. थॉमस हे नाव अरामी भाषेतील ‘जुळा’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात या शिष्याचा उल्लेख करताना ‘ज्याला दिदुम म्हणत’ अशी पुस्ती जोडलेली आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचाही अर्थ जुळा असाच होतो. म्हणजे मुळात हे विशेषनाव नसून ओळखीसाठी वापरलेला शब्द होता. इंग्लंडमध्ये नॉर्मन लोक येण्यापूर्वी, म्हणजे १०६६ पूर्वी, हे नाव सामान्य लोकांत जवळजवळ नव्हते. ते आढळते ते मुख्यतः धर्मगुरूंमध्ये. नॉर्मन काळात ते रुळू लागले आणि एका घटनेनंतर त्याचा प्रसार फार झपाट्याने झाला. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांची त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये हत्या झाली, ११७३ मध्ये पोपने त्यांना संतपद दिले आणि त्यांची समाधी युरोपातले एक मोठे तीर्थक्षेत्र बनली. यानंतरच्या पिढ्यांत मुलांचे नाव थॉमस ठेवण्याची लाटच आली.

स्कॉटलंड या लाटेपासून दूर राहिले नाही, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. स्कॉटलंडचा राजा विल्यम, ज्याला इतिहासात सिंह म्हणतात, त्याने ११७८ मध्ये अर्ब्रोथ येथे मठ स्थापन केला आणि तो याच थॉमस बेकेट यांना अर्पण केला. चार वर्षांपूर्वी, ११७४ मध्ये, हाच राजा अ‍ॅनिक येथे इंग्रजांच्या हाती सापडला होता. आणि ते घडले, तेव्हा इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने बेकेट यांच्या समाधीपाशी प्रायश्चित्त घेतल्याला जेमतेम एक दिवस लोटला होता. त्या काळच्या लोकांना यात संताचा हात दिसला, यात नवल नाही. याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की थॉमस हे नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच काळात, एकाच संतामुळे पसरले. त्यामुळे त्यावरून तयार झालेले आडनाव दोन्ही देशांत स्वतंत्रपणे तयार होणे हे अपरिहार्यच होते.

आता ‘सन’ या भागाकडे वळू. आपल्याकडे माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची पद्धत आहे. यातील आडनाव काढून टाकले आणि फक्त पहिली दोन पदे ठेवली, तर मध्ययुगातील सखल स्कॉटलंडमधील आणि उत्तर इंग्लंडमधील बहुतेक सामान्य माणसांचे नाव कसे असे, हे लगेच लक्षात येईल. रॉबर्टचा मुलगा जॉन हा जॉन रॉबर्टसन, त्याचा मुलगा थॉमस हा थॉमस जॉनसन, आणि त्याचा मुलगा विल्यम हा विल्यम थॉमसन. दर पिढीला शेवटचे पद बदलत असे. पुढे करवसुली, जमिनीचे व्यवहार, वारसाहक्क आणि न्यायालयीन नोंदी यांमुळे तेच तेच पद पिढ्यानपिढ्या चालवणे सोयीचे ठरू लागले आणि कुठल्यातरी एका पिढीत ते गोठले. इंग्लंडमध्ये ही प्रक्रिया साधारणपणे तेराव्या आणि चौदाव्या शतकांत घडली, उत्तरेकडे थोडी उशिरा. यॉर्कशरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत ‘सन’ लागलेली नावे मुबलक दिसतात. दक्षिणेकडे आणि वेल्सच्या सीमेकडे ‘सन’ऐवजी नुसता ‘स’ लावण्याची रीत अधिक होती, म्हणून तिकडे विल्यम्स, रॉबर्ट्स अशी नावे जास्त आढळतात. आणि वेल्समध्ये तर थॉमस हे वडिलांचे नाव जसेच्या तसे आडनाव बनले. म्हणूनच थॉमसन किंवा थॉम्पसन हे आडनाव पाहिले की आपली नजर आपोआप उत्तर इंग्लंड, सखल स्कॉटलंड आणि अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तर भाग, या पट्ट्याकडे जाते. इतकी दिशा मात्र आडनाव दाखवते, आणि माझ्या मते ही काही कमी माहिती नाही.

स्कॉटलंडमधील या नावाचा एक जुना उल्लेख स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला आहे. राजा रॉबर्ट ब्रूसचा भाऊ एडवर्ड १३१८ मध्ये आयर्लंडमधील लढाईत मारला गेला, तेव्हा कॅरिकच्या सैनिकांचा नायक असलेल्या जॉन थॉमसनने उरलेल्या माणसांना सुखरूप स्वदेशी नेले. जॉन बार्बर या कवीने १३७५ च्या सुमारास लिहिलेल्या काव्यात त्याचे नाव येते. हा जॉन स्वतः थॉमस नावाच्या माणसाचा मुलगा होता की त्याच्या घराण्यात हे नाव आधीच आडनाव म्हणून चालू होते, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही. चौदाव्या शतकातील प्रत्येक नोंदीबाबत हीच अडचण असते, आणि म्हणूनच ‘आमचा मूळपुरुष हाच’ असे सांगणाऱ्या वंशावळींकडे मी नेहमी सावधपणे पाहतो.

आपल्या मुख्य शंकेकडे, म्हणजे ‘प’कडे, आता येऊ. हा ‘प’ कोणी अर्थासाठी घातलेला नाही. तो तोंडात आपोआप तयार होतो. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जात असते. पुढचा ‘स’ म्हणण्यासाठी ओठ उघडावे लागतात आणि नाकाची वाट बंद व्हावी लागते. या दोन हालचाली अगदी एकाच क्षणी झाल्या तर नुसते ‘म्स’ ऐकू येते. पण ओठ उघडण्याच्या किंचित आधी नाकाची वाट बंद झाली, तर मध्ये एक ‘प’ उमटतो. सिम्सनचे सिम्पसन आणि सॅमसनचे सॅम्पसन याच कारणाने झाले. आपल्या भाषेतही हेच घडलेले आहे. संस्कृत ‘आम्र’ या शब्दातील ‘म’ आणि ‘र’ यांच्यामध्ये ‘ब’ शिरला, प्राकृतात ‘अंब’ झाले आणि मराठीत ‘आंबा’ आला. ‘ताम्र’पासून ‘तांबे’ झाले तेही असेच. आंब्यातल्या ‘ब’वरून ज्याप्रमाणे झाड कोणाच्या मालकीचे ते कळत नाही, त्याचप्रमाणे थॉम्पसनमधल्या ‘प’वरून माणूस कोणत्या देशाचा ते कळत नाही.

मग हा नियम लोकांच्या तोंडी बसला कसा? कारण त्यात सर्वसाधारण निरीक्षण म्हणून तथ्य आहे. स्कॉटलंडमध्ये ‘प’ नसलेले लेखन प्रचलित झाले आणि तिथे थॉमसन हे अतिशय सर्रास आढळणारे आडनाव आहे. इंग्लंडमध्ये ‘प’ असलेले रूप कितीतरी अधिक दिसते, विशेषतः उत्तरेत. परंतु समूहाबद्दलचे निरीक्षण एका व्यक्तीवर लादले की फसगत होते. ज्यांचे अणूचे प्रारूप आपण शाळेत शिकलो आणि ज्यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला, ते जे. जे. थॉमसन १८५६ मध्ये मँचेस्टरजवळ, म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मले, आणि त्यांच्या आडनावात ‘प’ नाही. उलट, प्राण्यांच्या आकारांमागील गणिताचा अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन १८६० मध्ये एडिंबरोत जन्मले, त्यांचे सारे आयुष्य डंडी आणि सेंट अँड्र्यूज येथे अध्यापनात गेले, आणि त्यांच्या आडनावात ‘प’ आहे. तिसरे उदाहरण विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन, यांचे. त्यांची कीर्ती ग्लासगोची, पण जन्म १८२४ मध्ये बेलफास्टचा. तेव्हा जे. जे. थॉमसन यांच्या घराण्याची पूर्वपीठिका स्कॉटिश होती, हे खरे असले तरी, ते आपल्याला त्यांच्या कुटुंबाच्या इतिहासातून कळते. आडनावाच्या वर्णांवरून तो फक्त अंदाज बांधता आला असता.

आपल्याकडील दोन कागदांपैकी कशावर विश्वास ठेवावा, याबाबत माझा विचार असा. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला तयार करून लंडनला पाठवल्या जात. आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ज्या वह्या आहेत आणि ज्यांची छायाचित्रे आपल्याला पाहायला मिळतात, त्या या नकला आहेत. म्हणजे तिथे दिसणारा ‘प’ हा वधूने, तिच्या वडिलांनी, धर्मगुरूने किंवा केवळ नक्कल करणाऱ्या कारकुनाने घातलेला असू शकतो, आणि कारकून जर ‘प’ लिहिण्याच्या सवयीचा असेल तर त्याच्या हातून तो सहज पडतो. थडग्यावरील मजकूर मात्र कुटुंबाने सांगून, पैसे देऊन कोरून घेतलेला असतो. पाथरवटाकडूनही चुका होतात, हे मी पाहिलेले आहे. तरीही घरात नाव कसे लिहीत असत याचा साक्षीदार म्हणून मी शिळेला नकलेपेक्षा अधिक वजन देईन. सर्वांत उत्तम साक्ष म्हणजे स्वतःच्या हाताची सही. मूळ विवाहनोंदवही त्या चर्चमध्ये अथवा संबंधित धर्मप्रांताच्या कार्यालयात टिकून असेल, तर तिच्यात वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या सापडण्याचा संभव असतो. त्या सहीत ‘प’ नसेल, तर निदान तेवढा वाद मिटेल.

शिळेचा आणखी एक उपयोग आहे आणि तो ‘प’पेक्षा मोलाचा आहे. स्कॉटलंडमध्ये विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव कागदोपत्री कायम ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि थडग्यांवरही पत्नीचा उल्लेख बहुधा तिच्या माहेरच्या आडनावाने केलेला दिसतो. आपल्या खापरपणजीचे नाव शिळेवर थॉमसन असे नसून वेगळ्याच आडनावाने कोरलेले असेल, तर ती खूण स्कॉटलंडकडे बोट दाखवते. त्याचप्रमाणे लग्न कोणत्या चर्चमध्ये झाले तेही पाहावे. मुंबईत काळा घोडा परिसराजवळ १८१९ मध्ये सुरू झालेले स्कॉटिश चर्च आहे. तिथे किंवा प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडमधील मुख्य पंथाच्या, अन्य एखाद्या चर्चमध्ये लग्न झाले असेल, तर स्कॉटिश किंवा अल्स्टरचे मूळ असण्याची शक्यता बरीच वाढते. अर्थात लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या, चर्चमध्ये झाले म्हणून घराणे इंग्लिश ठरत नाही, कारण रेल्वेच्या लहान ठाण्यांवर जो धर्मगुरू उपलब्ध असे त्याच्याकडून लग्न लावून घेणे भाग पडत असे.

मुलांच्या नावांकडेही लक्ष द्यावे. स्कॉटिश कुटुंबांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसरीला वडिलांच्या आईचे नाव देण्याची पद्धत सर्वत्र पाळली जात नसली तरी बऱ्यापैकी रूढ होती. शिवाय एखाद्या मुलाचे मधले नाव आडनावासारखे वाटत असेल, तर ते पुष्कळदा आईच्या किंवा आजीच्या माहेरचे आडनाव असते. पणजीच्या सर्व भावंडांची नावे जन्मक्रमाने लिहून काढली, तर त्यांच्या आजी-आजोबांची संभाव्य नावे हाती येऊ शकतात.

कुळाच्या प्रमाणपत्राबद्दल मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण अशा ठिकाणी लोकांचे पैसे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची श्रद्धा वाया जाते. थॉमस या नावावरून गेलिक भाषिक डोंगराळ प्रदेशातही कुळे निर्माण झाली: ग्लेनशी भागातील मॅकथॉमस आणि अर्गाइलमधील मॅकटॅविश. या कुळांतील काही कुटुंबांनी सखल प्रदेशात आल्यावर ‘मॅक’ सोडून थॉमसन हे रूप घेतले, हे खरे आहे. पण इंग्लंडच्या सीमेलगतही थॉमसनांचे स्वतंत्र घराणे होते. १५८७ मध्ये स्कॉटिश संसदेने उपद्रवी सीमावर्ती कुळांची जी यादी केली, तिच्यात पश्चिम सीमेवरील नावांत थॉमसन हे नाव आहे, आणि या मंडळींचा ग्लेनशीशी काहीही संबंध नाही. या दोन्हींखेरीज, ज्यांच्या पूर्वजाचे नाव केवळ थॉमस होते अशी असंख्य शेतकरी, विणकर आणि कोळी कुटुंबे होती. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या समारंभानंतर टार्टन या चौकटींच्या स्कॉटिश कापडाची आवड फोफावली आणि प्रत्येक आडनाव कोणत्यातरी कुळाला जोडून देण्याचा व्यापार वाढत गेला. आडनाव जुळते म्हणून कुळ जुळते असे मानण्यास आधार नाही. कुलचिन्हाची गोष्ट तर याहून सरळ आहे: स्कॉटलंडमध्ये ते लॉर्ड लायन, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, यांच्या न्यायालयाच्या अखत्यारीत असते, ते आडनावाला नव्हे तर विशिष्ट व्यक्तीला दिले जाते आणि वारसाने चालते. ‘थॉमसन घराण्याचे कुलचिन्ह’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. ते प्रमाणपत्र आपण घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दोन अपवादात्मक शक्यता नोंदवून ठेवतो. शेटलंड बेटांवर वडिलांच्या नावावरून दर पिढीला शेवटचे पद बदलण्याची नॉर्स रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. आपले थॉमसन तिकडचे निघाले, तर त्यांच्या आजोबांचे आडनाव थॉमसन असेलच असे नाही आणि थॉमसन शोधत बसल्यास वाट चुकेल. दुसरी शक्यता अल्स्टरची. सतराव्या शतकात स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंड या दोन्हीकडून तिथे वसाहती झाल्या, त्यामुळे तिथे दोन्ही लेखने आढळतात. त्यात १९२२ मध्ये डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागाराला लागलेल्या आगीत आयर्लंडच्या जुन्या जनगणनेचा फार मोठा भाग नष्ट झाला, म्हणून तो शोध कष्टाचा होतो.

आता पुढे काय करावे, ते सांगतो. सर्वप्रथम पणजीच्या वडिलांचा जन्म कुठे झाला हे सांगणारा कोणताही कागद मिळवावा: रेल्वेच्या नेमणुकीची नोंद, दफनाची नोंद, मृत्युपत्र. ते आईवडिलांच्या घरातून तरुणपणी निघाले असतील, तर १८५१ पासूनच्या ब्रिटिश जनगणनांत त्यांचे घर सापडू शकते, कारण त्यांत जन्माचे गाव लिहिलेले असते. १८४१ च्या जनगणनेत मात्र गाव नाही; इंग्लंडमध्ये राहणारा माणूस स्कॉटलंडमध्ये जन्मला असेल तर त्याच्या नावापुढे नुसते एक अक्षर लिहिलेले असते, आणि पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवलेले असते, हे लक्षात ठेवावे. शोधताना ‘प’ असलेले, ‘प’ नसलेले, ‘थ’ऐवजी ‘ट’ने सुरू होणारे, अशी सर्व रूपे तपासावीत.

त्यांचे आईवडील स्कॉटलंडमध्ये विवाहबद्ध झाले असतील आणि तो विवाह १८५५ नंतरचा असेल, तर आपले नशीब थोर. त्या वर्षी सुरू झालेल्या स्कॉटिश नागरी नोंदणीत विवाहाच्या नोंदीत वधू आणि वर या दोघांच्याही आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहिलेली असतात. मृत्यूच्या नोंदीतही आईवडिलांची नावे असतात. त्यामुळे विवाह १८५५ पूर्वीचा असला तरी, त्यानंतर स्कॉटलंडमध्ये वारलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीवरून एक पिढी मागे जाता येते. इंग्लंडमध्ये नागरी नोंदणी त्याआधी, १८३७ मध्ये, सुरू झाली, पण तिथल्या विवाहनोंदीत २०२१ पर्यंत फक्त वडिलांचे नाव असे. त्याहून जुन्या काळासाठी दोन्ही देशांत चर्चच्या वह्यांवर अवलंबून राहावे लागते आणि त्या किती टिकल्या हे गावागणिक वेगळे असते. कुठलेतरी दुसरे थॉमसन घराणे आपलेच आहे असा संशय आला, तर दोन्हीकडच्या अखंड पुरुष-परंपरेतील वंशजांची वाय गुणसूत्राची (जे फक्त वडिलांकडून मुलाकडे जाते) चाचणी तुलनेसाठी उपयोगी पडते. आपला संबंध पणजीकडून असल्याने तिच्या एखाद्या भावाचा वंशज शोधावा लागेल.

तूर्त आपण दोन गोष्टी पाहून कळवाव्यात: विवाहाच्या नोंदीत चर्चचे आणि धर्मगुरूंच्या पंथाचे नाव काय लिहिले आहे, आणि शिळेवर खापरपणजीचे नाव कोणत्या आडनावाने कोरलेले आहे. तिचे माहेरचे आडनाव मिळाले आणि ते थॉमसनइतके सर्रास नसेल, तर त्या जोडप्याचा शोध नवऱ्याच्या नव्हे तर तिच्या आडनावावरून घेणे अधिक सोपे जाईल, आणि मी तिथूनच सुरुवात करीन.